कडेचं दिसतं त्याला

— नाही नाही, पाय खाली नका घेऊ बाई, स्टुलावर तसाच राहू द्या, टाचण्या लावते आहे मी. टोचली तर माझ्याच हातानं दुसरी इजा व्हायची, आणि प्लास्टर तर आत्ता कुठे निघालंय. सूज आहे अजून, नाही का? असणारच. म्हणून म्हटलं, पँटची ही एकच बाजू उसवू, आत पट्टी घालू, म्हणजे पाय सहज जाईल. कापड त्याच रंगाचं मिळालं, उद्या सभेत कुणाच्या लक्षातही यायचं नाही. शाळेतल्या बाई बोलायला उभ्या राहिल्या की लोक तोंडाकडे बघतात, पायाकडे कोण बघतंय! — काय? बघू देत म्हणता? हो, तेही खरंच. पाय दाखवायलाच तर जाताय तुम्ही.

माझं विचाराल तर — मी येईन असं अजून म्हटलेलं नाही हं. तुम्ही म्हणता, तुमचं मशीन खिडकीत, समोर चौक, तुम्ही सगळं बघता, तुम्ही दोन शब्द बोललात तर नगरपालिकेचे लोक ऐकतील. माझं कोण ऐकतंय हो. मॅट्रिकच्या तोंडी परीक्षेत मी येत असलेलं उत्तरसुद्धा गिळलं होतं. आणि विषय तरी साधा आहे का? मोटर लावलेल्या सायकलीला लायसन्स हवं की नको. आता मोटर लावली म्हणजे ती सायकल राहिली का? तुम्ही म्हणता, नाही राहिली. मी म्हणते, पायडल आहे की तिला, घंटी आहे, मागे कॅरियर आहे. मोटर लावली म्हणून काय लगेच गाढवाचा घोडा झाला? — हसू नका, पाय हलतो. पण पळते ती घोड्यासारखीच, हेही खरं. आवाज नाही, काही नाही, एकदम अंगावर. मला कळतं तुमचं. पोराटोरांच्या हातात असलं काही नको, हेही कळतं. पण सगळेच काही पोरंटोरं नसतात ना. वयस्क माणसं असतात. ज्यांना बस चढायला जमत नाही — म्हणजे जमतं, पण नको वाटतं — अशी माणसं असतात.

उदाहरण द्यायचं तर आमचा दादा घ्या. माझा सख्खा भाऊ, मोठा. जन्मभर बस चालवली त्यानं. शहराची मोठी बस, लाल दिव्याला असा थांबवायचा की उभ्या माणसाला कडी धरावी लागायची नाही. आता अशा माणसाला सांगायचं, तू तिकीट काढ आणि मागच्या सीटवर बस? मी एकदा सांगून बघितलं. म्हणाला, "त्या पोरट्याचं ब्रेक मारणं मला सोसत नाही, माझ्या पोटात ढवळतं." एकदा खरंच अर्ध्या वाटेत उतरून चालत आला. तेव्हा वहिनी गेलेली होती, घरात तो एकटा, इकडे मी एकटी. आमचे हे जाऊनही बरीच वर्षं झाली, मुलगी लांब, तिचा फोन असतो रविवारी — असतो म्हणजे, येतो कधी कधी. तर दादानं काय केलं, जुन्या सायकलीला मोटर बसवून घेतली. मला म्हणाला, "बघ, लायसन्स लागत नाही, परीक्षा नाही, कुणाच्या बापाची चोरी नाही. आता दर बुधवारी तुझ्याकडे जेवायला." आणि आला हो. दर बुधवारी येतो. 

बुधवारी मी मशीनवर बसतच नाही. सकाळपासून आत. दोन भाज्या करते, आणि म्हणते, बघ रे, मीठ कमी तर नाही ना? मला ठाऊक असतं कमी नाही. पण कुणीतरी सांगायला हवं ना, कमी आहे की जास्त आहे. बाकीचे दिवस मी ओट्यापाशी उभ्यानंच उरकते. एका माणसासाठी ताट घ्यायचं, मग तेच घासायचं — कशाला? गिऱ्हाईकं येतात, माप देतात, जातात. छाती, कंबर, उंची. बोलणं काय तेवढंच. तुम्ही आज इतका वेळ बसलात म्हणून मी एवढी — बडबडते, माहीत आहे मला. दुसरी टाचणी लावते, थांबा.

तर तुमचा पाय मोडला त्या दिवशी मी खिडकीत नव्हतेच बाई. बुधवार होता. म्हणून म्हणते, मी काय साक्ष देणार? मी फोडणी देत होते.

काळजी आम्हीही घेतो हं, असं नाही. मी त्याला पिवळंधमक जॅकेट शिवून दिलंय, पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या, बाह्यांवर पट्ट्या. तो म्हणाला, "मला काय रस्ता झाडायला पाठवतेस?" मी म्हटलं, घाल मुकाट्यानं. लांबून दिसला पाहिजेस. हेल्मेट डोक्याला टोचतं म्हणाला, तर आतून कापूस भरून अस्तर लावून दिलं, मऊ. कानावर येतं ते जरा, ऐकू कमी येतं, पण डोकं तर शाबूत राहील. — हो, पिवळी जॅकेटं खूप जण घालतात. खूपच. तुम्ही म्हणालात खरं, पाठमोरा पिवळा माणूस दिसला तेवढाच. बाजारात मिळतात तसली, ढिगानं. तुम्ही पडलेल्या, कळवळलेल्या, त्यात रंग तरी काय नीट दिसणार. — नाही, मी खोटं पाडत नाही तुम्हाला. मुळीच नाही. पण सभेत एक शब्द तेवढा नका वापरू. वाईट दिसतो तो शब्द. धडक दिली म्हणा, पाय मोडला म्हणा, सगळं म्हणा, पण पळून गेला म्हणू नका. पळून नाही गेला तो. त्याला कळलंच नाही बाई, त्याला वाटलं खांब आहे, खांबाला घासलं म्हणाला मला, बाही फाटली बघ म्हणाला, आणि मी इथेच, याच मशीनवर, त्याचं जेवण होईतो ती पट्टी परत —

…

बसा. बसा हो, टाचण्या आहेत पायाला, अशा उठू नका. पाणी देऊ?

मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं. संध्याकाळी दूधवाली सांगत आली, शाळेतल्या बाईंना चौकात उडवलं, पिवळं जॅकेट होतं, थांबलासुद्धा नाही मेला. मी हो का, हो का म्हणत राहिले. हातातलं पातेलं खाली ठेवायचं सुचेना. तुम्ही आज दारात आलात, त्या काठीवर, तेव्हा मला वाटलं, कळलंय यांना. तर तुम्ही म्हणालात, पँट सैल करून द्याल का.

त्याचे डोळे गेलेत बाई. सगळे नाहीत. मधलं गेलंय. तुमच्याकडे बघायचं तर तो तुमच्या कानाकडे बघतो, तेव्हा कुठे तुम्ही त्याला दिसता. लोकांना वाटतं ऐट आहे, तोंड फिरवून बोलतो. मला ताटावरून कळलं. मधली भाजी राहायची आणि कडेचं सगळं संपायचं. मी ताट फिरवून द्यायला लागले. त्यालाही कळलं मला कळलंय ते. ताटाबद्दल दोघंही बोललो नाही. कडेचं दिसतं त्याला, फूटपाथ दिसतो, दुकानांच्या पाट्या दिसतात, समोरचं मात्र — बसचं लायसन्स डोळ्यांच्या तपासणीतच गेलं. उद्या या सायकलीला लायसन्स लागलं, की पुन्हा ते अक्षरांचं पान समोर धरणार, आणि त्याला पहिली ओळसुद्धा यायची नाही. मग बुधवार कसला न् काय. म्हणून मी त्याला दिसेल असं काही करू शकत नव्हते, तर निदान तो तरी लोकांना दिसावा म्हणून पट्ट्या लावत बसले. कसली अक्कल! आंधळ्याच्या हातात दिवा द्यावा तसं. लोकांनी बघून बाजूला व्हावं, कारण माझा भाऊ जेवायला येतोय.

तुम्ही बाजूला होऊ शकला नाहीत. उद्या दुसरं कुणी असेल. तुमच्या शाळेतलं एखादं.

— काही बोलू नका. माझ्यावर ओरडलात तर मला बरंच वाटेल, म्हणून नका ओरडू. सभेला येते मी. लायसन्स हवं म्हणते, का हवं तेही सांगते, गिळणार नाही. पण सभा उद्या आहे, नियम केव्हा होईल देव जाणे, आणि आज बुधवार आहे, तुम्ही आलात म्हणून भाजी उतरवून बाहेर आले. निघाला असेल तो. आता येईलच.

ही घ्या, झाली तुमची टाचण्यांची रेघ. पँट काढा आणि ठेवा इथे, आलात तो गाऊन घाला. संध्याकाळी शिवून घरी आणून देते, तुम्ही नका येऊ चालत. किल्ली मी आज काढून घेणार आहे. सायकल माझ्या मागच्या खोलीत राहील, त्याला मी बसनं पोचवीन, शेजारी बसेन, पोटात ढवळलं तर ढवळू दे. पुढच्या बुधवारी मी त्याला आणायला जाईन. तो दार उघडेल की नाही, कोण जाणे. मागे एकदा नुसतं डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल म्हटलं होतं, तर महिनाभर फिरकला नाही. माझाच भाऊ, त्याला मी नाही ओळखणार तर कोण? आज किल्ली घेतली, तर कदाचित हेच शेवटचं —

तुम्ही इथे असताना त्याला यायला नको. त्यानं उडवलं ते तुम्हाला, हे तुम्ही हवं तेव्हा सांगा त्याला, तुमचा हक्क आहे. फक्त आज नाही. आज त्याला आधी जेवू दे. पोटभर जेवू दे. मग मी सांगते.

मागच्या दारानं जा बाई. काठी घ्या तुमची. जा.