मीटर जोडण्याआधी

सन्माननीय अध्यक्ष चंद्रहासराव, व्यासपीठावरील मान्यवर, शर्मिलावहिनी, आणि सुट्टीचा शुक्रवार मोडून रिग्गईच्या या हॉलमध्ये जमलेल्या बंधुभगिनींनो,

आज दत्तप्रसाद सर आखातातली एकवीस वर्षांची नोकरी संपवून वहिनींसह नाशिकला परतताहेत. कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सरांच्या लिनक्सच्या ज्ञानाबद्दल मी बापडी सेफ्टी इंजिनियर काय बोलणार? मी एकच सकाळ सांगते.

गेल्या ऑगस्टमध्ये राजापूरचे आपले वेल्डर शत्रुघ्न टाकीत बेशुद्ध पडले. त्यांना अँब्युलन्समधून नेलं. मॅनेजर यासिर म्हणाले, "उन्हाचा त्रास आहे. टाकीत उतरायचं परमिट ठीक आहे. तासाभरात दुसरी टीम उतरवा." चार माणसं बाहेर बूट घालून तयार होती. टाकीत वायू होता की नाही, हे सांगणारी एकच वस्तू होती: शत्रुघ्नच्या खिशावरून मी काढून घेतलेला गॅस मीटर.

आमच्याकडे सोय अशी, की मीटर यूएसबीला लावला की सरांनी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, आपोआप चालते. नोंदी उतरवून घेते, मीटर पुसून पुढच्या माणसासाठी मोकळा करते. मी केबल हातात घेतली. पोर्ट दोन बोटांवर होतं.

"विनिताताई, लावू नका!"

सर धावत आले होते, श्वास लागला होता. "डिस्क भरलीय. दोन दिवसांच्या फायली रिकाम्या आहेत, आत्ताच पाहिलं. नोंदी उतरल्या नाहीत तरी स्क्रिप्ट मीटर पुसतेच. ही चूक माझी आहे."

यासिर म्हणाले, "काय बोलताय कळतंय ना? हे लेखी द्यावं लागेल."

"देतो. आधी हे करू द्या."

यूएसबी लागताच स्क्रिप्ट सुरू करणारा नियम त्यांनी काढून टाकला. यंत्रणेला तो बदल वाचायला लावला. दुसरा एक रिकामा मीटर जोडून पाहिला. स्क्रिप्ट चालली नाही. मग म्हणाले, "आता." मी केबल लावली. मीटरचा दिवा लागला आणि स्क्रीनवर नोंदी उभ्या राहिल्या. दहा वाजून चाळीस मिनिटं, विषारी हायड्रोजन सल्फाइड, धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर. यासिर स्वतः वायरलेसवर ओरडले, "खलास, बस्स! कोणीही उतरायचं नाही!"

ते चौघे आज या हॉलमध्ये आहेत. शत्रुघ्नही आहेत, सहकुटुंब.

सरांना वॉर्निंग लेटर मिळालं. मी विचारलं, "डिस्क भरली एवढंच सांगितलं असतं तर चाललं नसतं का?" ते म्हणाले, "मग स्क्रिप्टमधली चूक तशीच राहिली असती, पुढच्या वेळी मीटर कोरा निघाला असता, आणि तुम्हाला वाटलं असतं तुमच्याच हातून पुसला गेला."

संयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. ही गोष्ट चारचौघांत काढू नका, असं सरांनी मला बजावलं होतं. बोलण्यात आणखी काही उणं-अधिक झालं असेल तर तुम्ही पोटात घाला. ही एक आगळीक मात्र मी जाणूनबुजून केली आहे, तिची क्षमा मी सरांकडेच मागते.