पाठ एकच

तुमी लहान पोरं घेऊन गड चढायचं म्हणताय, म्हणून सांगतो. धरणापल्याडच्या गडावर एकदा पुण्याचे साहेब बायको-पोराला घेऊन आले. वाट दाखवायला मी. त्यांचा चार वर्षांचा मुलगा पहिल्याच चढाला फतकल मारून बसला, तवा मी त्याला धोतराच्या झोळीत घालून पाठीला बांधला. माझी लेक सखू पाच वर्षांची. तिची आई गवत कापायला गेलेली, घरी कुणी न्हवतं, म्हणून तीबी संगं आलेली, अनवाणी.

अर्ध्या चढावर सखू म्हणाली, "आबा, मला पन घ्या की."

बाई कळवळल्या. "अहो, दमली असेल हो ती."

मी हसलो. म्हणालो, "न्हाई बाई, तिला सवय हाय."

सखू पुन्हा बोलली न्हाई. वर गेली, खाली आली. घरी तिचे पाय धुताना बघतो, तर टाचेत करवंदीचा काटा मोडलेला, टाच टम्म सुजलेली.

"अगं, सांगितलं का न्हाईस?"

"मला सवय हाय न्हवं?"

सखू आता लेकरंबाळांची झाली. पण कुटं दुखतंय, ते आजपतुर मला सांगत न्हाई.