गोदूबाईचा खांदा कोणी पाहिला?

मंडळी, ऐका. अंगाला दुखणं लागलं तर आधी काय करावं? यंत्राखाली झोपावं, की माणसासमोर बसावं? घाईनं उत्तर देऊ नका. आधी गोदूबाई कासारणीचं ऐका.

गोदूबाई गावोगाव बांगड्या भरायची. डाव्या हातानं पोरीचा पंजा असा चेपायचा, उजव्यानं बांगडी सरकवायची. चाळीस वर्षांत कुणा पोरीला 'स्स' म्हणू दिलं नाही. आणि एकाएकी डावी बोटं बधिर झाली! चेपताना हाड कुठं, मांस कुठं, कळेना. एका नवरीच्या हातात एका बैठकीला तीन बांगड्या वाढल्या. फुटल्या म्हणायचं नसतं, वाढल्या म्हणायचं. पण नवरीची आजी समजायचं ते समजली. लग्नघरची बोलावणी थांबली. हात हेच तर गोदूबाईचं दुकान!

लेक दिगंबरनं शहरात नेलं. रक्त काढलं, मानेचा फोटो काढला, बोगद्यात घालून मेंदू पाहिला. सगळं निर्दोष. दिगंबर म्हणाला, "आई, काही निघालं नाही म्हणजे मशीनच हलकं. दुसरीकडं करू."

पाहा — आई निर्दोष निघाली, तर पोर नाराज! या तपासण्यांत दुभती म्हैस विकली गेली.

आणि गोदूबाई काय करायची? दवाखान्यात जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं, अन् बांगड्यांच्या माळा घरी खुंटीला. ओझं घेऊन डॉक्टरकडे कोण जातं?

एके दुपारी ती गावच्या सरकारी दवाखान्यात नर्सबाईंना बांगड्या भरायला गेली. डाव्या खांद्यावरून माळांचा दोर उतरवला नि बोटं झटकू लागली. डॉक्टरणीनं पाहिलं.

"मावशी, बोटं का झटकता?"

"मुंग्या येतात. ओझं उतरलं की जरा बरं वाटतं."

"हे शहरात सांगितलंत?"

"कोणी विचारलंच नाही. आणि ओझ्याचं काय सांगायचं बाई? ते रोजचंच."

डॉक्टरणीनं आत नेलं, अर्धा तास विचारलं, हात हलवून पाहिला. खांद्यावर दोराचा खोल वळ. "शीर दबतेय. महिनाभर खांद्यावर ओझं नको, हातगाडी घ्या. उतार पडला नाही तर पुढची तपासणी मीच लिहून देईन."

दिगंबर तणतणत आला. "नुसतं बघून सांगता? कागद नाही, काही नाही?"

"कागद तुमच्याकडे ढीगभर आहेत, आणा, वाचते. तोवर आईचं ओझं तुम्ही उचला."

महिन्यानं बोटांत जाग आली. गोदूबाईनं सुनेचा हात घेतला, डझनभर बांगड्या भरल्या. एकही वाढली नाही.

आता घरी जाऊन सांगू नका, महाराज तपासणी नको म्हणाले. लागेल ती करावीच, तिनं जीव वाचतात. पण आत गोदूबाईला अर्धा तास मिळाला, तेव्हा बाहेर बाकावर कोण कुरकुरत होतं? "एवढं काय बोलत बसलीय, लिहून दे की काहीतरी!" आवाज ओळखीचा वाटतो ना? तुमचाच होता, मंडळी. माझाही होता. घ्या टाळ.