सव्वीस नोव्हेंबरचा सूर्य

—नाही येत म्हटलं ना, रेणू! आशाताई झाली म्हणून कोनालेही धरून नेशील का? तुही यादी भरायची असन तं बकारामले घेऊन जाय डोळ्याच्या कॅम्पले, त्याले फुकटचं जेवन आवडते. मी नागझिऱ्याचा गाईड आहो, बावीस वर्षं झाली. — काय म्हणते प्रफुल? मी परवा तुटक्या झाडाच्या ठुठाले अस्वल म्हटलं? जिप्सी चालवनारा मानूस, त्याले काय समजते! सहा पाहुने होते गाडीत, साही जनांनी फोटो काढले. — मंग हासले, हव. हासू दे. दिवसा मले मस्त दिसते. संध्याकाळच्या फेरीतच जराक… ते माह्यामुळं नाही, सूर्यामुळं. यंदा सूर्यच कामचुकार झाला.

हासू नको, हे वही पाह्य. दरसाल थंडीत, फेरी नसन त्या दिवशी, मी वावराच्या याच धुऱ्यावर बसतो. समोरच्या मोहाच्या झाडामागं सूर्य गेला का टाइम लिहितो. सेवकराम मास्तर म्हणते, बावीस डिसेंबर सर्वात लहान दिवस, म्हणून सूर्य त्याच दिवशी सर्वात लवकर बुडते. शिकलेला मानूस! पुस्तकातून मान वर काढन तं दिसन ना. अरे, सर्वात लवकर बुडते ते सव्वीस नोव्हेंबरच्या मागंपुढं, पाच पंचवीसले. लोक दिवाळीले सुट्टी घेते, मी सव्वीस नोव्हेंबरले घेतो! मंग रोज जराजरासा उशीरच होत जाते, बावीस डिसेंबरले पाच चौतीस. चौदा वर्षांच्या वह्या मास्तरसमोर आपटल्या, तोंड पाहन्यासारखं झालतं त्याचं.

हव, यंदा अक्षर मोठं आहे. कागद काय तुह्या बापाचा आहे? अन् टाइम मोबाईल बोलून सांगते — नातीनं लावून देल्लं, रिंकीनं, हौस तिची. फेऱ्या कमी लागून राहिल्या यंदा, म्हणून नोंदी जास्त आहेत. वाच. मोठ्यानं वाच. सव्वीस नोव्हेंबर, पाच वीस. हं. एक डिसेंबर, पाच बारा. सात तारीख, पाच पाच. काल, पाचले दोन कमी. पाहिलं? मी म्हटलं नव्हतं? सव्वीसच्या मंग रोज—

रोज उशीर व्हाले पाहिजे.

सूर्य बिघडला असन. सर्वच बिघडून राहिलं, तो कायले मागं राहीन? — दे ते वही इकडं. मास्तरले सांगू नको. प्रफुलले तं बिलकुल नको, माहा बिल्ला काढून घेतीन. जाय आता, अंधार पडून राहिला, तुह्यं घर दूर आहे.

काय म्हणते? तुह्या तोंडावर ऊन आहे?

कुठं?