पाडाले बांधलेलं घर

माहेर माझं ढाणकीकडचं. लगन होऊन राजूरले आली आन् चुनाभट्टीवर कामाले लागली. आमचे हे कोळशाच्या खाणीत होते. ते गेल्यावर जो पैसा भेटला त्यातून म्या हे घर बांधलं, पाया चांगला कमरेइतका खोल घेतला, कारण आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते आन् पावसात फुगते. तवा लोक हसत होते, बाई घर बांधून राह्यली का विहीर खणून राह्यली म्हणून.

काय सांगू तुम्हाले, आमच्याकडं शहाणे लोक लय झाले. मागं कोणीतरी उठवलं का खाण आता शिवारात सरकणार, तिकडचे वावरं घेणार. झालं. मास्तर म्हणू नका, कंपाउंडर म्हणू नका, ज्यानं जन्मात वावरात डवरा धरला नाही तोही कर्ज काढून पलाट घेऊन राह्यला. आन् नुसत्या जमिनीले मोबदला कमी, वरतं घर असलं तं घराचाही भेटते, म्हणून घरं बांधले. कायचे घरं ते? चार भिती आन् वरतं टिनं. पाया नाही, मोरी नाही, खिडकी नाही. मोजणीवाला बाहेरून फीत लावणार, त्याले खिडकीशी काय करायचं, म्हणून खिडकीचा खर्च वाचवला. एवढं डोकं! दारात तुळशीची कुंडी ठेवायची, कुलूप लावायचं आन् मोबदल्याची वाट पाहायची.

माझा प्रदीप एकुलता एक, तो कायले मागं राहीन. सोताचा टिप्पर होता त्याचा, खाणीतला कोळसा वाहे. मले म्हणे माय, तुह्यं घर तारण ठेवू, पलाट घेऊ, खाण आली का दुप्पट. म्या म्हटलं, नाही आली तं? म्हणे तुले समजत नाही त्यातलं. फायनान्सवाला पोरगाही आलता टाय लावून, मावशी रिस्क काहीच नाही म्हणे. म्या म्हटलं, मंग तू काहून घेत नाही पलाट? चहा पिऊन गेला बिचारा. म्या अंगठाही देल्ला नाही आन् सहीही देल्ली नाही. मंग प्रदीपनं टिप्पर गहाण टाकून पलाट घेतला आन् वरतं तसंच घर बांधलं.

खाण सरकली, पण दुसऱ्या अंगानं. जिकडं कोळसा तिकडंच खणतीन ना, का कंपाउंडरची सोय पाहून खणतीन? आता त्या पलाटाले रस्ता नाही, पाणी नाही, गिऱ्हाईक तं नाहीच. हप्ते थकले, टिप्पर ओढून नेला, वेगळा राहे ते भाड्याची खोलीही सुटली. आता माझा शहाणा लेक बायकोपोरीले घेऊन त्याच घरात राह्यते, जे त्यानं पाडाले बांधलं होतं.

परवा मी गेलती तिथं. भर दुपारी आत लाईट लावलेला. भितीले हात जाईन एवढी भेग पडली, आन् माझी नात त्या भेगेले डोळा लावून बाहेरच्या बकऱ्या पाहून राह्यली. म्हटलं प्रदीप, चाल घरी, माझ्याकडं एक खोली रिकामी आहे. तं काय म्हणते, नाही माय, आपण उठलो आन् मोजणी आली तं रिकामं घर म्हणून यादीतून काट मारतीन.

अजूनही! अशा माणसाशी काय बोलावं. नातीले तेवढी घेऊन आली मी, दिवसभर माझ्या खिडकीत बसून राह्यते. तिच्या मायबापासाठी आता एवढंच मागते, का येऊ दे बापा ती खाण आन् पाडू दे ते घर, पावसानं पाडायच्या आधी.