पहिलंच पान

चीनमधल्या यीवू शहरात, नूडल्सवाल्याकडे रांगेत माझ्यापुढे एक येमेनी तरुण आणि एक चिनी मुलगी उभी होती. रस्त्यावर धुकं उतरलं होतं, त्यात दुकानातली वाफ मिसळत होती.

“वद्दाह, तुझा भाऊ काय म्हणतोय? शिकणार का चिनी?”

“सोपी आहे का, विचारतोय.”

“सोपीच आहे. बाईशी बोलताना वेगळं क्रियापद, पुरुषाशी वेगळं, असली तुमच्या अरबीसारखी कटकट नाही.”

“पण आमची अक्षरं पंधरा दिवसांत येतात, रुओलान. एकमेकांचा हात धरून चालतात बिचारी. तुमची जन्मभर संपत नाहीत.”

“नकोच संपायला. रोज एक नवं भेटतं.”

“आणि सूर? जरा हलला की अर्थच पळतो. माझे अजून चुकतात.”

“माझ्यासमोर शिकताना चुकतात. काल मासेवालीशी घासाघीस करताना एकही चुकला नाही.”

“तू ऐकलंस?”

“मागेच उभी होते.”

“बरं. मग आमचा घशातून काढायचा तो ‘ऐन’ तुला जमत नाही ना? परवा फोनवर माझ्या आईशी बोलताना कसा झकास निघाला?”

रांग पुढे सरकली. ती दोघं जागची हलली नाहीत. मीही घाई केली नाही.

“मग भावाला काय कळवू?”

“कळव, दोन्ही भाषा महाकठीण आहेत. आमचं अजून पहिलंच पान चाललंय.”