देव चालला नव्हता

सन्माननीय अध्यक्ष श्री. राधाकृष्णजी, मंचावर बसलेले पाणीखात्याचे इंजिनियर श्री. देवराजसाहेब, महिला मंडळाच्या शांतीबाई, देवळाचे पुजारीबुवा, आणि समोर जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, तुम्हां सर्वांना बाबूरावचा नमस्कार.

आपण शाल घातलीत, नारळ दिलात, विमलावहिनींच्या हातून हार घातलात. अध्यक्षांनी तर पाच मिनिटं नुसतं माझ्या पायांचं कौतुक केलं. लग्नात बायकोच्या बापानंसुद्धा एवढं केलं नव्हतं! माझी मराठी बैठकेत, म्हणजे आपल्या गावच्या संध्याकाळच्या शाळेत शिकलेली, मध्येच आपल्या बेटावरची क्रेओल बोली डोकावेल, तेवढं चालवून घ्या.

सत्तावीस वर्षं मी काय केलं? चाललो. वरच्या तलावापासून फिनिक्सच्या उतारापर्यंत जमिनीखाली चार फुटांवर सिमेंटचा मोठा नळ आहे. तलावाच्या पाण्याचं सगळं ओझं त्याच्या पोटात असतं. वर दर शंभर पावलांवर एक पांढरा दगड, आणि दगडाच्या बरोबर खाली नळ. मी दगड बघत जायचो, लोखंडी सळई जमिनीत रोवायचो आणि वरच्या टोकाला कान लावायचो. नळ शाबूत असला की जमीन गप्प असते. लहान पोरं विचारायची, "बाबूकाका, कोणाशी बोलता?" मी म्हणायचो, "बोलत नाही रे, ती बोलत नाही ना ते बघतो."

गेल्या गुरुवारी माझी शेवटची फेरी झाली. या देवळाच्या मागे, जिथं येत्या रविवारी आपल्या नव्या स्वयंपाकघराचं भूमिपूजन आहे, तिथं मी थांबलो. तिथल्या दगडाला शेंदूर आहे, जास्वंदीचं फूल आहे. दगडापाशी सळई लावली, जमीन गप्प. सहज दहा फूट पुढं लावली, जिथं तुम्ही खुंट्या ठोकून दोरी बांधली आहे तिथं. खालून आवाज आला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा, बारीक, न थांबणारा. मी कान काढला, पुन्हा लावला. आवाज तसाच.

नळ गळतोय. आणि तो दगडाखाली नाही, दोरीखाली आहे.

मी लगेच अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "बाबूराव, दगड तिकडे आहे. आम्ही दहा फूट सोडलेत. मग भीती कसली?" देवराजसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, अर्ज द्या, बुधवारी नळ तपासायचं यंत्र येईल. मुहूर्त रविवारचा, यंत्र बुधवारचं. की पू फेर, काय करणार! आणि रविवारी पहिली पहार कोण मारणार आहे? आपला नवीन. विमलावहिनींचा एकुलता एक मुलगा. मान म्हणून समितीनं त्याला निवडलंय. नवीन, तू तिथं दाराशी उभा आहेस, मला दिसतोयस. पुढं येऊन बस बाळा, आज तुला हे ऐकलंच पाहिजे.

अध्यक्ष महाराज, आपण घड्याळ बघताय. बघा. पण मी हे भाषण थांबवणार नाही, कारण "दहा फूट सोडलेत, मग भीती कसली" हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. कोणाच्या तोंडून? माझ्याच.

तुमच्यापैकी जुन्या माणसांना पुष्पावतीकाकू आठवत असतील. सन सत्तरमध्ये वरच्या आळीच्या पायवाटेवरचा एक पांढरा दगड त्यांना दिसला. गोल डोक्याचा, उगवतीकडे तोंड केलेला. काकूंनी त्याला शेंदूर लावला. महिन्याभरात तिथं दिवा आला, शनिवारी रोट आला. मी रोज तिथून जायचो, हसायचो आणि प्रसाद खायचो. खात्याच्या दगडाला देव केला तर बिघडतं काय, उलट कोणी उपटणार तरी नाही, असं माझं गणित!

मग काकू एक दिवस रडत आल्या. "बाबू, वाटेवर हाय रं तो. देवाला येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागतो. तू नळाचा मानूस, तूच त्याला बाजूला घे." मी नाही म्हणायला हवं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. आम्ही चौघांनी तांदूळ वाहिले, नारळ फोडला, दगड उचलला आणि दहा फूट वर बांधावर नेऊन नीट बसवला. मी स्वतः त्याची बैठक चुन्यानं रंगवली. ऑफिसात कळवलं नाही. म्हटलं, वरून कोण बघायला येतंय, आणि नळ कुठं आहे ते मला तर ठाऊक आहे ना?

चार वर्षं गेली. नंदलालच्या मुलीचं, कामिनीचं लग्न ठरलं. आपल्याकडे लग्न म्हणजे लासाल आलाच, बांबू रोवून, वर माडाच्या झावळ्या टाकून उभा केलेला मांडव. त्याच्या अंगणात जागा पुरेना, म्हणून शेजारचा, काकूंच्या देवाच्या बांधाखालचा मोकळा पट्टा घ्यायचं ठरलं. तो पट्टा मोकळा का होता? नळाचाच होता म्हणून. पण नंदलाल बेफिकीर माणूस नव्हता. तो मुद्दाम माझ्या घरी आला. मी जेवत होतो. म्हणाला, "बाबू, खड्डे कुठं घेऊ? नळाला लागायला नको." आणि मी तोंडात घास असताना म्हणालो, "देवापासून दहा फूट खाली घे, आणि खुशाल खण. भीती कसली?"

दगड आपणच हलवलाय हे मला तेव्हा आठवलं नव्हतं, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. कधी ते पटतं, बहुतेक वेळा पटत नाही.

शनिवारी दुपारी पहार सिमेंटवर बसली. मी दोन वळणं पलीकडे होतो. मला आधी पायाखाली जाणवलं, मग ऐकू आलं. मी पोहोचलो तेव्हा पाण्याचा खांब माडाच्या उंचीला गेला होता आणि त्यातून दगड उडत होते. नंदलालला पाण्यानं कुंपणाच्या भिंतीवर फेकलं होतं. आयो, मला ते सांगता येत नाही. हळद लागलेली कामिनी अनवाणी त्या चिखलातून धावत आली, एवढंच सांगतो.

सगळी माणसं त्याला घेऊन इस्पितळात गेली. मी तलावाची झडप बंद करवून परत आलो. ऊन उतरलं होतं, पट्ट्यावर चिटपाखरू नव्हतं. चौकशीला साहेब निघाले आहेत असा निरोप आला होता. आणि तो दगड बांधावर बसला होता, दहा फूट दूर, माझ्या हातच्या चुन्यासकट.

मी तो उचलला आणि फुटलेल्या नळाच्या कडेला, चिखलात, जिथं तो मुळात होता तिथं नेऊन ठेवला.

साहेबांनी लिहिलं, निशाणीचा दगड जागेवर असूनही खणणाऱ्यानं दुर्लक्ष केलं. साक्षीदार म्हणून खाली सही केली मी. नंदलाल तिसऱ्या दिवशी गेला. काकूंनी विचारलं, देव खाली कसा आला? मी सळई उचलली आणि फेरीला निघालो. मग कोणीतरी म्हणालं, देव स्वतः चालत गेला, नंदलालला वाचवायला. झालं! तेव्हापासून साऱ्या आळ्यांत पांढऱ्या दगडांना शेंदूर लागला, लोक त्यांना आपल्या सोयीनं आणि भक्तीनं हलवू लागले. माझ्या शेवटच्या फेरीत बेचाळीस दगडांपैकी नऊ मला शेंदरी दिसले. त्यातले किती मूळ जागेवर आहेत, हे या सभागृहात कोणाला तरी माहीत असेल. मला नाही.

देव चालला नव्हता. मी चालवला होता.

विमलावहिनी, तुमच्या नवऱ्यानं विचारून खणलं. अकरा वर्षं तुम्ही लोकांचं "ऐकलं नाही म्हणून गेला" हे खाली मान घालून सोसलंत, आणि थोड्या वेळापूर्वी तुम्हीच माझ्या गळ्यात हार घातलात. तो मी काढून इथं टेबलावर ठेवतोय. देवराजसाहेब, हे सगळं मी लिहून सही करून आणलंय. आपल्या हातात देतो. पेन्शनचं काय करायचं ते खातं ठरवेल, पण जुन्या कागदावरचं नंदलालचं नाव स्वच्छ करा.

अध्यक्ष महाराज, रविवारची पहार थांबवा. देवळाचा दगड ज्यांनी हलवला त्यांनी आता उभं राहावं, मी त्यांच्यावर बोट रोखणार नाही, मला तो हक्क उरलेला नाही. पुढं कोणीही बांबू रोवा, संडासाचा खड्डा घ्या, केळ लावा, आधी ऑफिसात जाऊन नकाशा बघा, खात्याचा माणूस बोलवा. दगडाला विचारू नका. माझ्यासारख्या जेवत्या माणसाला तर मुळीच विचारू नका. आणि मास्तर, बैठकेतल्या पोरांना बाराखडीबरोबर हेही शिकवा.

...उजवीकडे इंद्रजीत उभा राहिला. शेवटच्या ओळीत सुरेंद्रही. किती फूट? सहा? नाही, नीट आठव. घाई नाही. साहेब, लिहून घ्या. शाबास, बसा दोघंही.

नवीन, रविवारी पहार हाती न घेण्याचा शब्द मला दे. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

ऐकलं. तुझे उपकार झाले.

समितीचे, मंडळाचे, ज्यांनी सकाळपासून स्वयंपाकाला हात लावला त्या सर्व भगिनींचे मी आभार मानतो. आपण माझं एवढा वेळ ऐकून घेतलंत. बोलताना कुठं शब्द घसरला असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर ते आपण मोठ्या मनानं पदरात घ्या. नंदलालच्या बाबतीत मी केलं ते मात्र पदरात घेऊ नका. त्याची माफी देणारा माणूस या सभागृहात नाही.